'वुदरिंग हाइट्स'वरचा नवा चित्रपट पाहण्याआधी कादंबरी वाचायलाच हवी का?

हो, एमिली ब्राँटेची ही कादंबरी आधी वाचा. तुम्ही लिहिलंय की नायिका मरते एवढं कळल्यामुळे वाचायचा धीर होत नाही. पण ज्या शेवटाला तुम्ही घाबरताय, तो कादंबरीचा शेवटच नाही. नायिका कॅथरीन सोळाव्या प्रकरणात जाते. प्रकरणं आहेत 34.

लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 1939च्या गाजलेल्या चित्रपटाने कादंबरीतली पुढची अख्खी पिढी गाळली आणि बहुतेकांच्या मनात ही नुसती अमर प्रेमाची गोष्ट होऊन बसली. (आईला कथानक सांगत होते, तर ती मध्येच म्हणाली, "अगं, हा तर दिलीपकुमारचा 'दिल दिया दर्द लिया'!" खरंच आहे, 1966चा तो चित्रपट याच कादंबरीवर बेतलेला.) दिग्दर्शिका एमराल्ड फेनेल यांनी नव्या चित्रपटाचं नाव अवतरणचिन्हांत लिहिलंय, म्हणजे ही हुबेहूब कादंबरी नव्हे हे त्यांनी आधीच सांगून टाकलंय. मला त्यात गैर वाटत नाही.

नायक हीथक्लिफच्या भूमिकेसाठी जेकब एलॉर्डीची निवड मात्र मला पटलेली नाही. लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेल्या या सावळ्या पोराला शेजारचे लिंटन 'लास्कर' म्हणतात. लास्कर म्हणजे इंग्रजांच्या जहाजांवरचे हिंदुस्थानी खलाशी. मूळ शब्द फारसी 'लष्कर', पुण्यात कॅम्पला आपण म्हणतो तोच. घरातली मोलकरीण नेली हीथक्लिफची समजूत घालताना म्हणते, कुणी सांगावं, तुझी आई हिंदुस्थानची राणीसुद्धा असेल! एस.वाय.ला असताना अप्पा बळवंत चौकातून जुनी प्रत आणून वाचली, तेव्हा मी या ओळी वाचून सरळ पुढे गेले होते. दुसऱ्या वेळी तिथेच अडकले. घरच्यांतून उठवून त्याला नोकरांत ढकलतात, शिक्षण बंद करतात, ते तो कुठला कोण म्हणूनच ना? गोरा नट घेतला की हे दुखणं निम्मं होऊन जातं.

आणि या दुखण्याचाच पुढचा भाग कादंबरीच्या उत्तरार्धात आहे. कॅथरीनच्या भावाने, हिंडलीने, हीथक्लिफचं शिक्षण तोडलं, तर हीथक्लिफ हिंडलीच्या मुलाला, हेअरटनला, मुद्दाम अडाणी ठेवतो. घराच्या दारावर 'हेअरटन अर्नशॉ' आणि '1500' असं कोरलेलं आहे. कुणा पूर्वजाचं नाव, तेच याचं. हा पोरगा कशीबशी ती अक्षरं लावायला शिकतो आणि कॅथरीनच्या मुलीला मोठ्या उमेदीने वाचून दाखवतो. ती विचारते, "आणि आकडे?" ते त्याला अजून येत नसतात. ती हसते. पुढे तीच त्याला शेजारी बसवून वाचायला शिकवते.

आकड्यांचा हा प्रसंग 24व्या प्रकरणात आहे. निदान तिथपर्यंत तरी पोचाच. वाटेत घरातल्या म्हाताऱ्या नोकराचं, जोसेफचं, बोलणं अडलं तर खुशाल सोडून द्या. ते यॉर्कशायरच्या ठसकेबाज बोलीत आहे, मलाही पहिल्या वाचनात त्यातलं निम्मं लागलं नव्हतं.