आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातले. दीड वर्षाच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे. खासगी दवाखाना लाखांचा खर्च सांगतो आणि मुलीचं नाव रेशनकार्डावर नाही. केशरी कार्डावर ऑपरेशन फुकट होतं का?

होतं. पण आधी एक करा: ज्या खासगी दवाखान्यानं लाखाचे आकडे सांगितले, तिथं ॲडव्हान्स भरू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी आधी आणि ऑपरेशन नंतर. खिशातून भरलेलं बिल मागाहून दाखवून पैसे परत मिळत नाहीत, मुख्यमंत्री सहायता निधीतूनही नाही.

तुम्ही घाटंजी तालुक्यातले, म्हणून सुरुवात अंगणवाडीतूनच करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्याची वाट पाहत बसू नका; अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडून पथकाच्या डॉक्टरांचा नंबर घ्या आणि मुलीला दाखवा. त्यांची संदर्भचिठ्ठी घेऊन यवतमाळला, तिथून गरज पडली तर नागपूरला. थेट नागपूर गाठलं तरी चालतं, पण चिठ्ठी असली की पुढचा पाठपुरावा पथकाकडे राहतो.

मुलीचं नाव कार्डावर नाही म्हणता. काम बहुतेक इथंच अडतं, आजारापायी नाही. जन्मदाखला, आईवडिलांसोबतचा मुलीचा फोटो आणि मूळ कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला भेटा. त्याच वेळी तहसील कचेरीच्या पुरवठा विभागात नाव चढवायचा अर्ज टाका. बाल आधारही काढून घ्या. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे लागत नाहीत. जन्मदाखल्यावर 'वैष्णवी' आणि आधारवर 'वैशनवी' असलं तरी फाईल परत येऊ शकते, म्हणून स्पेलिंग अर्ज करतानाच जुळवा. रुग्णालय योजनेत आहे का, हे १५५३८८ वर विचारता येतं. रुग्णालय योजनेत असूनही 'त्या' ऑपरेशनसाठी नसू शकतं, म्हणून ऑपरेशनचं नाव सांगूनच विचारा.

आता घाई किती, ते. लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं, तेव्हा फक्त ठरावीक काळानं टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी). मोठं असेल तर फुफ्फुसावरचा दाब वाढत जातो आणि फार उशीर झाला की ऑपरेशनच करता येत नाही. दूध पिताना घाम फुटणं, मध्येच दम लागून थांबणं, वजन न वाढणं ही खूण. मुलगी शांत झोपलेली असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ओठ निळे पडले तर १०८ लावा. तातडीच्या वेळी रुग्णालयाला फोनवरून मंजुरी घेता येते, कागद नंतर देता येतात.

ऑपरेशनची तारीख मिळाली की सर्दी-खोकला जपा. छातीत कफ असला तर भूल देत नाहीत आणि तारीख पुढे जाते.

योजनेतून सुटीनंतर १० दिवसांचीच औषधं मिळतात. पुढची जिल्हा रुग्णालयातून घ्यावी लागतील, तेव्हा डिस्चार्ज कार्डावर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव आणि मात्रा स्पष्ट लिहून मागा.