लेझर वाढवत नेला तर काच कुठवर साथ देते?

तुमचा प्रश्न असा: अपवर्तनांकातला (काचेत प्रकाश किती मंदावतो ते सांगणाऱ्या आकड्यातला) बदल प्रकाशाच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढतो, मग लेझर हवा तेवढा वाढवून काचेचा अपवर्तनांक १.४५ वरून थेट २ वर का नेता येत नाही?

सूत्र बरोबर आहे, पण त्याआधी काचच जाते. शुद्ध सिलिकावर दर चौरस सेंटिमीटरला १० लाख कोटी वॅट तीव्रता टाकली तरी अपवर्तनांक जेमतेम ०.००३ ने वाढतो. याच्या दोन-तीन पट गेलात, की १०० फेमटोसेकंदांची (फेमटोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) पल्ससुद्धा काचेला खड्डा पाडते. नॅनोसेकंद पल्स असेल तर दर चौरस सेंटिमीटरला काही गिगावॅटलाच सगळं आटोपतं. तोवर अपवर्तनांकातला बदल दहा लाखांत एक एवढाच.

कारण गमतीचं आहे. सिलिकातला इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनकडे (प्रकाशकणाकडे) असतात १.५५. म्हणून तर एरवी काच पारदर्शक. तीव्रता वाढली, की इलेक्ट्रॉन सहा फोटॉन एकदम गिळतो आणि सुटतो. सहा फोटॉन म्हणजे सहावा घात: तीव्रता दुप्पट, तर सुटणारे इलेक्ट्रॉन ६४ पट. पुढे ते धडका मारून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात. वर हे मुक्त इलेक्ट्रॉन अपवर्तनांक कमी करतात, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलट.

जाड काचेत आणखी एक भानगड. किरण स्वतःच स्वतःला एकवटतो, आणि हे तीव्रतेवर नाही, एकूण पॉवरवर ठरतं: सिलिकात काही मेगावॅट, हवेत काही गिगावॅट. किरण रुंद करून सुटका होत नाही, फक्त एकवटण्याची जागा लांब जाते. (मी एक चांगला क्रिस्टल असाच आतून जाळलाय. पृष्ठभाग मात्र अगदी स्वच्छ होता.)

अपवाद आहेत. इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक, वीजवाहक पदार्थाच्या पातळ थरात ०.७ च्या आसपास बदल २०१६ साली दाखवला गेला, पण तिथे प्रकाश शोषलाही भरपूर जातो, त्यामुळे थर जाड करण्यात अर्थ नाही.

फक्त फेज (प्रकाशलहर कोणत्या टप्प्यावर आहे ते) सरकवायची असेल तर २ चा हट्ट सोडा. दहा लाखांत एक बदलसुद्धा १ मीटर फायबरमध्ये १ मायक्रोमीटर, म्हणजे इन्फ्रारेडची जवळपास एक पूर्ण तरंगलांबी साठवतो. तुम्हाला नक्की काय हवंय, अपवर्तनांक की फेज?