चर्चच्या फादरांची बदली झाली, नवे अजून आले नाहीत, लोक नाराज आहेत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आठ वर्षं असलेले फादर गेले, नवे रुजू व्हायचेत आणि निम्मे लोक म्हणतायत सह्या गोळा करून बिशपांकडे जाऊ. मी इथे पुण्यात नगर रोडच्या बाजूच्या एका चर्चमध्ये सहा वर्षं पॅरिश कौन्सिलवर (चर्चच्या लोकांची सल्लागार समिती) होते, दोन बदल्या जवळून बघितल्या, त्यावरून सांगते.

सह्या आम्ही पण केल्या होत्या, काही झालं नाही. फादर नेमायचं काम कॅनन लॉप्रमाणे (कॅथलिक चर्चचा कायदा) बिशपांचंच असतं, आणि पुणे धर्मप्रांतात, म्हणजे आपल्या बिशपांच्या हद्दीत, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, सांगली पण येतात, तिकडच्या लोकांना पण फादर लागतातच ना. बिशपांना जरूर भेटा, पण 'हेच फादर ठेवा' म्हणायला नको, आपल्या चर्चला काय लागतं ते सांगायला जा. आम्ही दुसऱ्या वेळी तसं केलं, मराठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बंद होऊ नये एवढंच बोललो, आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं.

आता खरं सांगायचंय ते. आमचे फादर दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी स्कूटरवर निघायचे आणि अंथरुणाला खिळलेल्या अकरा घरांत कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) द्यायचे. कोण कितव्या मजल्यावर, कोणाला गिळता येत नाही म्हणून छोटासाच तुकडा पाण्याबरोबर द्यायचा, कोणाकडे दुपारी बारानंतरच दार उघडतात, हे सगळं त्यांच्या डोक्यात. निरोपाला आम्ही शाल दिली, केक कापला, सगळे रडलो, आणि ती यादी मात्र एकानेही मागितली नाही. येरवड्याला एक आजी होत्या, मूळच्या श्रीरामपूरकडच्या, त्या दोन पहिले शुक्रवार टेबलावर पांढरं कापड अंथरून, क्रूस आणि मेणबत्ती ठेवून सकाळपासून उपाशी वाट बघत बसल्या. घरच्यांना वाटलं नवे फादर घरी येत नसतील, म्हणून कोणी फोन पण केला नाही. मला भाजी घेताना त्यांची सून भेटली तेव्हा कळलं. इतकं वाईट वाटलं, आजही आठवलं की घसा दाटून येतो.

नव्या फादरांचा काहीच दोष नव्हता, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी रजिस्टरमध्ये असतात, पण कोणाच्या घरी दारूचा त्रास आहे, कुठल्या मुलीची फी फादर गुपचूप भरायचे, ते कुठेच नसतं. (फीसारख्या गोष्टी सगळ्यांसमोर काढू नका, ते जुन्या फादरांनीच नव्यांना सांगावं.)

नवे फादर येईपर्यंत सहायक फादर असतील तर तेच बघतात, नाहीतर बिशप तात्पुरते फादर नेमतात. त्यांना हाताशी धरा, सिस्टरांना सोबत घ्या.

जुन्या फादरांना 'नवे असं करतात, तसं करतात' म्हणून फोन करू नका, लग्नासाठी पण त्यांनाच बोलवा असा हट्ट नको, त्यांना तिकडे नव्याने सुरुवात करायची असते आणि नव्यांना आपल्यात जागा मिळत नाही. फक्त आजाऱ्यांच्या यादीसाठी एक फोन करा, वही-पेन घेऊन बसा, घर, मजला, वेळ सगळं लिहून घ्या. पुढचा पहिला शुक्रवार यायच्या आत.