तिसऱ्यांदा नीट कोणाची?

सप्रेम नमस्कार.

नीटमध्ये दोनदा एमबीबीएसची जागा हुकलेल्या तुमच्या मुलीला इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्रात संशोधन करायचे आहे. तुम्ही मात्र तिला तिसऱ्यांदा लातूरला क्लासला ठेवायचे ठरवले आहे आणि ‘आधी डॉक्टर हो, मग संशोधन कर’ ही तडजोड योग्य आहे ना, असे विचारता. तिच्या गुणांची मला काळजी वाटली नाही. वहीत जपलेले नोबेलच्या बातमीचे कात्रण ‘लक्ष विचलित होऊ नये म्हणून’ फाडून टाकल्याचे तुम्ही ज्या सहजतेने लिहिले आहे, त्याची वाटली. पत्रात तिचे विषयवार गुण आहेत, पण तिला या विषयात काय आवडते याबद्दल एक ओळ नाही. शिवाय एमबीबीएसनंतर पीजीची तयारी सोडून ती प्रयोगशाळेत निघाली, तर तेव्हा तुम्ही होकार द्याल यावर माझा विश्वास नाही. बहुधा तिचाही नसावा.

डॉक्टर झाल्याखेरीज प्रतिकारशक्तीवर संशोधन करता येत नाही, हा तुमचा समज चुकीचा आहे. 2025 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांपैकी शिमोन साकागुची वैद्यकीय पदवीधर आहेत. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल मात्र पीएचडी झालेले शास्त्रज्ञ आहेत. कातडी खवल्यांसारखी सोलवटून काही आठवड्यांतच दगावणाऱ्या नर उंदरांमध्ये नेमके कोणते जनुक बिघडले आहे, हे या दोघांनी शोधले. एक्स गुणसूत्रावरील संशयित भाग आक्रसत 20 जनुकांवर आला आणि एकेक तपासत गेल्यावर दोष विसाव्यात निघाला. त्याच जनुकातील बिघाडाने लहान मुलग्यांना गंभीर आजार होतो, हेही 2001 मध्ये स्पष्ट झाले. असल्या चिकाटीची परीक्षा नीट घेत नाही.

पैसा उशिरा येतो, हे मात्र खरे. पदवी-पदव्युत्तर शिक्षणाची पाच वर्षे, पीएचडीची पाच-सहा आणि पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची उमेदवारी धरता स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत तिशी उलटते. पीएचडीच्या सुरुवातीला जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे दरमहा 37,000 रुपये मिळतात. घराला तिच्या पगाराची निकड असेल, तर ते तिच्याशी उघड बोला, नीटच्या आडून नको.

आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, किंवा मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी-एमएस्सी करून नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, हे मार्ग आहेत. पुढे पुण्यात एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था आणि दिल्लीत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी आहे. मात्र आयएटीला बारावी उत्तीर्ण झाल्याच्या वर्षाची अट असते. नीटच्या तिसऱ्या प्रयत्नात ती संधी निघून जाते का, हे क्लासची फी भरण्यापूर्वी माहितीपत्रकात पाहा, आणि पुढचे पत्र तिला लिहू द्या.