बोअरच्या पाण्यात तूरडाळ का शिजत नाही?

प्रश्न असा आहे: "माहेरी पुण्यात तीन शिट्ट्यांत गळून जाणारी तूरडाळ सासरी, मराठवाड्यात, सहा शिट्ट्या दिल्या तरी कणी धरून राहते. कुकर तोच, मी लग्नात आणलेला. सासूबाई म्हणतात, बोअरचं पाणी जड आहे. नवरा म्हणतो, पाणी ते पाणी, त्याच पाण्यात भात होतो की! खरं कोणाचं?"

सासूबाईंचं. आणि तुमच्या यजमानांचा भाताचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, म्हणून त्याचंही उत्तर देतो.

डाळ शिजते म्हणजे दोन गोष्टी होतात. आतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, ही एक. दुसरी म्हणजे डाळीच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. वरण एकजीव होतं ते या दुसऱ्या गोष्टीमुळे. विटांमध्ये जसा चुना, तसं या पेशींच्या मधे पेक्टिन असतं. उकळत्या पाण्यात ते हळूहळू विरघळतं, पेशी सुटतात, आणि मग रवीचे दोन फेर पुरतात. आता पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असले की घोळ होतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धन प्रभार असतात. पेक्टिनच्या दोन शेजारच्या साखळ्यांवरचे ऋण प्रभार तो एकाच वेळी धरतो आणि त्यांना एकमेकींना जखडून टाकतो. असं जखडलेलं पेक्टिन पाण्यात विरघळत नाही. स्टार्च फुगलेला असतो, दाणा चावला तर कच्चाही लागत नाही, पण डाळ घोटली जात नाही. तुम्ही "कणी धरून राहते" म्हणालात, ते अगदी हेच.

मिठाईवाले हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणतात. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात भिजवतात. चुन्यातलं कॅल्शियम फोडींतल्या पेक्टिनला बांधतं, म्हणून पाकात कितीही उकळल्या तरी फोडी मोडत नाहीत. तुमच्या डाळीला बोअर फुकटात चुन्याचं पाणी पाजतोय, एवढंच.

भाताचं काय? तांदळाच्या दाण्यात पेक्टिन जवळजवळ नसतंच. तिथे सगळा कारभार स्टार्चचा, आणि स्टार्चला कॅल्शियम फारसं आडवं येत नाही. त्यामुळे त्याच पाण्यात, त्याच कुकरात, वरच्या भांड्यात भात मोकळा होतो आणि खालच्या भांड्यात डाळ रुसून बसते. यजमानांनी पाहिलंय ते खरं आहे, फक्त त्यांचा निष्कर्ष चुकलाय.

हे क्षार येतात कुठून? पुण्याला पाणी खडकवासल्याच्या धरणातून येतं. ते मुळात पावसाचं, जमिनीवरून वाहून साठलेलं, त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी मात्र खडकाच्या भेगांत मुरून, तिथे मुक्काम करून वर येतं. मराठवाड्यातला बराचसा खडक बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पत्थर. त्याच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात, शिवाय वरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात ते वेगळेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय. एस. १०५००) एकूण कठीणपणा, म्हणजे सासूबाई म्हणतात तो जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं म्हटलंय.

शिट्ट्यांबद्दल थोडं. शिट्टी होतेय, म्हणजे कुकरात दाब बसतोय, तेव्हा कुकरला बोल लावू नका. घरच्या कुकरात पाणी साधारण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि तिथेच थांबतं. जास्तीची वाफ शिट्टीतून निघून जाते, त्यामुळे सहाव्या शिट्टीला आतलं पाणी पहिल्या शिट्टीपेक्षा जास्त तापलेलं नसतं. मोठ्या आचेवर सहा शिट्ट्या भराभर होतात. पहिली झाल्यावर गॅस बारीक करा आणि शिट्ट्या मोजण्याऐवजी घड्याळ बघा.

माझं ऐकून तरी विश्वास का ठेवायचा? घरीच करून बघा, यजमानांना समोर बसवून. एकाच पुड्यातली तूरडाळ दोन सारख्या डब्यांत सारखी घ्या. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आर.ओ.चं नाहीतर स्वच्छ धरलेलं पावसाचं. धुवायचं आणि भिजवायचंही ज्याच्या त्याच्या पाण्यात, कारण भिजतानाच डाळ कॅल्शियम ओढून घेते. दोन्ही डबे एकाच कुकरात लावा. आच एक, वेळ एक, दाब एक, म्हणजे वादाला जागाच नाही. झाकण पडलं की दोन्हींत डाव फिरवून बघा.

आर.ओ.च्या पाण्यातली डाळ गळली तर उपाय सोपा: डाळ भिजवायला आणि शिजवायला तेवढं ते पाणी वापरा. घरात आर.ओ. नसेल तर बोअरचं पाणी आधी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळून निवळू द्या आणि वरचं वर ओतून घ्या. बायकार्बोनेटच्या रूपातलं कॅल्शियम तळाशी पांढरं बसतं. गिझरच्या कॉइलवर जमतो तोच थर. क्षार सल्फेट किंवा क्लोराइडचे असतील तर मात्र उकळून काही उपयोग नाही.

चिमूटभर खाण्याचा सोडा हमखास काम करतो, कारण अल्कधर्मी पाण्यात पेक्टिनच्या साखळ्या तुटतात. पण सोड्याने ब १ जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि हात जरा सैल सुटला तर वरणाला साबणाचा वास येतो. मला तो उपाय आवडत नाही. मिठाला मात्र उगाच बदनाम केलंय. भिजवायच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर सोडियम काही कॅल्शियमची जागा घेतो आणि डाळ उलट लवकर मऊ होते. खरा आडमुठेपणा आंबटाचा. आमसूल, चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला, आम्लात पेक्टिन सहज विरघळत नाही.

आणि समजा दोन्ही डबे सारखेच दडस राहिले? मग पाणी निर्दोष, डाळ जुनी. उष्ण, दमट जागी महिनोन्महिने पडलेल्या डाळीत फायटेट नावाचं द्रव्य मोडत जातं. त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मोकळं होऊन आतल्या आत पेक्टिनला जाऊन चिकटतं. वरून कितीही चांगलं पाणी ओतलं तरी अशी डाळ शिजायला कटकटच करणार. ती वरणाला घेऊच नका. भिजवून मिक्सरमध्ये वाटा आणि वडे तळा. पेशी पात्यानेच फुटल्या की पेक्टिन विरघळायची वाट बघावी लागत नाही.