दुकानातला निळा-गुलाबी अकीक खरा असतो का?

तुम्ही विचारलंय की वडोदऱ्यात एका दुकानात एकाच ट्रेमध्ये हिरवा, निळा, गुलाबी, काळा असा सगळा 'हकीक' (म्हणजे अकीकच, इंग्रजीत अगेट) दाखवला, भाव जवळपास सारखाच. यातला खरा कोणता, आणि गोमेद म्हणतात तो हाच का?

गोमेदाचं आधी उरकतो. नाही. नवरत्नांतला गोमेद गार्नेटच्या कुळातला, मधाच्या रंगाचा. अकीक म्हणजे सिलिका, गारगोटीचाच बारीक पोताचा भाऊ.

आता खरं-खोटं. त्या ट्रेमधले बहुतेक सगळे दगड खरे असतील आणि बहुतेकांचे रंग चढवलेले असतील. दोन्ही एकदम.

माझी नोकरी इथल्याच एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये गेली. तिथे नमुने घोटायला अकीकाचा खल होता. राखाडी, मळकट, दागिना म्हणून कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण हा दगड इतका कठीण (कठीणपणाच्या मोहस मापावर 10 पैकी 6.5 ते 7) की त्याचा कण नमुन्यात सहसा उतरत नाही. तो फुटला तर पगारातून कापू, अशी आम्हाला तंबी होती! अकीकाचा मूळ रंग बहुधा असाच असतो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर बसतो. पट्टे येतात ते त्यातून. या थरांत डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि रंग मुरतो तो तिथेच. काळ्या रंगाची कृती तर स्वयंपाकघरातली वाटावी: दगड साखरेच्या पाकात मुरवायचा, मग गंधकाम्लात, आतली साखर जळून कोळसा होते. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनच्या कारागिरांनी 19व्या शतकात ही रंगाई पक्की केली.

आपल्या बाजूचा उद्योग त्याहून कितीतरी जुना. भरूच जिल्ह्यात रतनपूरकडे दगड खणायचा, उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून शेणीच्या आचेत भाजायचा. आतलं लोह तांबूस होतं आणि फिका दगड लालबुंद कार्नेलियन बनतो. घडवायला खंभात. तिथला कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके काढतो. लोथलला हडप्पाकालीन मणी बनवण्याचा कारखाना सापडलाय, तेव्हा भाजलेल्या दगडाला 'नकली' म्हणायचं तर चार-साडेचार हजार वर्षांच्या दागिन्यांनाच म्हणावं लागेल.

प्रकार पुष्कळ. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो सुलेमानी. सरळ समांतर पट्टे असले तर ऑनिक्स, त्यात तांबूस-तपकिरी आला की सार्डोनिक्स. नामिबियाचा ब्लू लेस खरोखर फिकट निळा निघतो. माझा आवडता मॉस अगेट: आत शेवाळ अडकल्यासारखं दिसतं, पण वनस्पतीचा संबंध नाही, ती लोह-मँगनीजसारख्या खनिजांची नक्षी. त्यात पट्टे नसतात म्हणून काही खनिजतज्ज्ञ त्याला अकीक मानतच नाहीत. मानू देत बापडे!

पारख करायची तर भडक गुलाबी, जांभळा, गडद निळा हे रंग चढवलेलेच समजा. दगड उजेडासमोर धरा: भेगांत आणि काही पट्ट्यांत रंग जास्त साचलेला दिसेल. अ‍ॅसिटोनच्या बोळ्याला रंग लागला तर प्रश्नच मिटला. न लागला म्हणजे नैसर्गिक, असं मात्र नाही, लोह किंवा क्रोमियमचे रंग पक्के बसतात. मी बायकोसाठी घेतलेलं गुलाबी पेंडंट खिडकीजवळ राहून दोन उन्हाळ्यांत पार फिकं पडलं. दगड खराच होता.

घासाघीस जरूर करा, पण अगदी मातीमोल भावाला मागू नका. हा दगड घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते आणि खंभातच्या कितीतरी कारागिरांना सिलिकोसिस झालाय.

आणि दुकानात रंग न चढवलेला, राखाडी पट्ट्यांचा अकीक मुद्दाम मागा. आपणहून तो दाखवणार नाहीत, कारण कुणी विचारतच नाही.