‘माया सोडणे’: कीर्तनातले, घरातले आणि शिंप्याकडचे

परभणी जिल्ह्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे: “गावातल्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी ‘माया सोडल्याशिवाय सुख नाही’ असे सांगितले आणि घरी आल्यावर आजी म्हणाली, ‘मयेबिगर कसलं आलंय सुख?’ मग प्रेम या अर्थाची माया आणि वेदान्तातली माया हा एकच शब्द आहे, की आपली माया ‘माय’ या शब्दापासून निघालेली असून ती वेगळीच आहे?”

माझे उत्तर असे की शब्द एकच आहे, आणि महाराज व आजी हे दोघेही तो अचूक वापरत आहेत.

संस्कृतात हा शब्द फार जुना आहे. ऋग्वेदात ‘माया’ म्हणजे देवांची अद्भुत शक्ती, काहीतरी घडवण्याचे कौशल्य. इंद्र आपल्या मायांनी अनेक रूपे घेऊन वावरतो, असे तिथे म्हटले आहे. ‘मा’ म्हणजे मोजणे, या धातूशी त्याचा संबंध लावतात. पुढे वेदान्तात हीच शक्ती जगाचा भास निर्माण करणारी आणि जिवाला बांधून ठेवणारी ठरली. मराठीत हा अर्थ सर्वांत जिवंतपणे उभा राहतो तो ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात. तिथे माया ही नदी आहे: ब्रह्मरूपी डोंगराच्या कड्यावरून संकल्पाच्या पाण्याचा पहिला लोट सुटतो, त्यावर महाभूतांचे बुडबुडे येतात, आणि स्वतःच्या बुद्धीच्या बळावर पोहू पाहणारे पार बुडून जातात. मात्र जे सर्व भावाने भगवंताला भजतात, त्यांच्यासाठी हे पाणी अलीकडच्याच तीरावर आटून जाते, असे ज्ञानेश्वर सांगतात. नदीची ओढ सुटते तीही दुसऱ्या, अधिक खोल ओढीने. कीर्तनातले वाक्य ऐकताना हा उत्तरार्ध विसरू नये, असे मला मनापासून वाटते.

आता ‘माय’विषयी. ‘माता’ या शब्दातील ‘त’ प्राकृतात गळतो आणि ‘माआ’, ‘माया’ अशी रूपे तयार होतात. आपली ‘माय’ त्याच वाटेने आली. म्हणजे आई या अर्थाचा आणि भ्रम या अर्थाचा असे दोन शब्द उच्चाराने एकमेकांच्या अगदी शेजारी येऊन बसले. त्यामुळे तुमचा तर्क निराधार नाही, आणि आपल्या मराठवाड्यात, जिथे आईला आजही ‘माय’ म्हणूनच हाक मारतात, तो सहज सुचणाराही आहे. तरीही प्रेमवाचक ‘माया’ केवळ ‘माय’पासून निघाली असे मी म्हणणार नाही, कारण बंगाली आणि नेपाळी या भाषांतही ‘माया’ म्हणजे जिव्हाळा असाच अर्थ आहे. नेपाळीत तर प्रेमासाठी तो रोजचा शब्द आहे. एवढ्या दूरदूरच्या भाषांत अर्थाचे वळण सारखेच पडले असेल, तर त्याचे मूळ ‘जे बांधून ठेवते ते’ या जुन्या अर्थातच शोधले पाहिजे. ‘माय’ने मराठी कानाला हा अर्थ अधिक जवळचा करून दिला असेल, इतकेच.

यापेक्षाही भक्कम पुरावा आपल्याच भाषेत आहे, आणि या प्रश्नातला मला सर्वांत प्रिय भाग तोच आहे. ‘ममता’ हा शब्द पाहा. ‘मम’ म्हणजे माझे, आणि ‘ममता’ म्हणजे ‘हे माझे आहे’ ही भावना. अध्यात्मात ‘अहंता-ममता’ ही जोडी सोडायची असते. घरात मात्र ममता म्हणजे आईच्या हातातली ऊब. ‘लोभ’ पाहा. काम, क्रोध यांच्याबरोबर षड्रिपूंत बसणारा हा शब्द पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा, ही विनंती’ असा येतो, तेव्हा वाचणाऱ्याला त्यात हावरेपणाचा लवलेशही जाणवत नाही. माया, ममता आणि लोभ ही तत्त्वज्ञांनी बंधनाला दिलेली तीन नावे. मराठी संसाराने तिन्ही उचलली आणि प्रेमाच्या कामाला लावली. या माणसांना संतवचने कळली नव्हती असे मुळीच नाही, कारण तीच माणसे पहाटे काकड्याला बसत होती. प्रेम बांधते हे त्यांनी मान्य केले होते, आणि त्या बांधले जाण्याला सुख म्हणण्याचे धैर्यही त्यांच्यात होते. ‘माया लावणे’ या प्रयोगातले ‘लावणे’ लक्षात घ्या: रोप लावतात, जीव लावतात, लळा लावतात, तशीच माया लावतात. माझी आजी पोरक्या झालेल्या पुतण्याविषयी म्हणायची, “मया लावली की लेकरू परकं ऱ्हात न्हाई.” या वाक्यात ‘मया’च्या जागी ‘प्रेम’ घालून पाहा, वाक्य कोरडे पडते. ‘प्रेम करणे’ आपल्याकडे बोलण्यात उशिरा आणि बहुधा पुस्तकांतून व चित्रपटांतून आले आहे, असे मला वाटते; ‘माया’ शेतात, गोठ्यात, चुलीपाशी सगळीकडे आहे. गाईला वासराची माया असते, सासुरवाशिणीला माहेरची माया असते, आणि माणूस आतून दुरावला की त्याची ‘माया पातळ झाली’ असे म्हणतात.

शब्द एकच असला तरी अर्थ ओळखायला अडचण पडत नाही, कारण सोबतीचा शब्द तो ठरवतो. मायाजाल, मायापाश, मायामोह हे तत्त्वज्ञानाकडचे; मायाममता, दयामाया हे घरातले. ‘मायावी’ म्हणजे कपटी, ‘मायाळू’ म्हणजे प्रेमळ, आणि यांची अदलाबदल कधीच होत नाही. ‘माया जमवली’ म्हटले की पैसा, आणि बहुतेक वेळा तो कसा जमवला याविषयीची शंकाही.

खरी गंमत आहे ती ‘सोडणे’ या क्रियापदात. कीर्तनात ‘माया सोडा’ म्हणजे त्याग करा. शिंप्याच्या दुकानात ‘माया सोडा’ म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचे कापड राखून ठेवा. मी चौथीत असताना शाळेच्या खाकी चड्डीचे माप द्यायला आई मला घेऊन गेली, तेव्हा तिने शिंपीकाकांना दोनदा बजावले होते, “माया जरा जास्ती सोडा, पोरगं वाढतंय.” त्यांनी खडूने एक रेघ ओढली आणि तिच्याखाली दोन बोटे अंतर ठेवून दुसरी. पुढच्या जूनमध्ये आईने ती दुमड उसवून चड्डी लांब केली, तेव्हा खाली एक गडद पट्टा निघाला: वर्षभर ऊन आणि धुणे न लागलेले, नव्यासारखे कापड. कपड्याच्या आत दडलेले, बाहेरून न दिसणारे आणि पुढच्या वाढीसाठी राखलेले जे कापड, त्याला आपल्या लोकांनी ‘माया’ म्हणावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. न दिसणे हा वेदान्तातला धागा आणि लेकरासाठी राखून ठेवणे हा घरातला धागा, असे दोन्ही त्या दोन बोटांत एकत्र आलेले आहेत.

शिंप्याचा विषय निघालाच आहे, तर हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाववत नाही. गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या एका पदात ते म्हणतात की माझे मन हा गज, म्हणजे कापड मोजायची काठी आहे, जीभ ही कात्री आहे, आणि त्यांनी मी मापून मापून यमाचा फास कापतो आहे. मुक्तीविषयी बोलतानाही त्यांनी दुकानातली भाषा खाली ठेवली नाही. महाराज आणि आजी यांची भाषा एकाच माणसाच्या तोंडी नांदू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

एक लहानशी सूचना लेखनाविषयी. आजीचे वाक्य तुम्ही ‘मयेबिगर’ असेच लिहिले, ते योग्य केलेत. ‘मया’ हे आपल्याकडचे बोलीरूप आहे, ते अशुद्ध नाही. संवाद लिहिताना ते ‘माया’ करून सुधारू नये. प्रमाण लेखनात मात्र ‘माया’ आणि सामान्यरूप ‘माये-’ ठेवावे: मायेने, मायेची, मायेपोटी.